बोलावून आणलेला पाहुणा

उसाच्या पिकाला शत्रू पुष्कळ. पण उघड्यावर दिसणाऱ्या शत्रूपेक्षा मातीत दडून बसणारा शत्रू अधिक घातक असतो. महाराष्ट्रातील ऊस-बागाईतदाराला हे सांगावे लागत नाही. ‘हुमणी’ हे नाव ऐकताच त्याच्या कपाळाला आठी पडते. पांढुरकी, तांबूस डोक्याची, अर्धचंद्रासारखी वाकलेली ही अळी जमिनीत राहून उसाची मुळे कुरतडते. वर पीक हिरवेगार दिसत असते. मग पाने पिवळी पडू लागतात आणि हाताने ओढताच उसाचे अख्खे बेट मुळासकट वर येते. वळवाच्या पहिल्या सरी कोसळल्या, की या अळीचे प्रौढ रूप, म्हणजे तपकिरी भुंगेरे, तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात आणि बाभळी-कडुनिंबांवर बसून पाला खातात. जाणते शेतकरी नेमकी तीच वेळ साधतात. ते रात्री फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडतात आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकून मारतात. ही रीत कष्टाची आहे. परंतु भुंगेरा कोठे राहतो, केव्हा उडतो आणि काय खातो, हे डोळे उघडे ठेवून पाहिल्यानंतरच ती ठरलेली आहे.

ऑस्ट्रेलिया खंडाच्या ईशान्य भागात क्वीन्सलंड नावाचे राज्य आहे. तेथील उष्ण, दमट किनाऱ्यावर मैलोगणती उसाचे मळे पसरलेले आहेत. हुमणीच्याच कुळातील करड्या पाठीचा एक भुंगेरा तेथे उसाचा वैरी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने शेतकऱ्यांना अगदी जेरीस आणले होते. भुंगेरे व अळ्या गोळा करून आणणाऱ्यांना मोबदला दिला गेला. मातीत विषारी वायू सोडून पाहिला. खर्च वाढत गेला, भुंगेरे मात्र हटले नाहीत.

नेमक्या त्याच काळात क्वीन्सलंडमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. अमेरिकेतून आणलेल्या फड्या निवडुंगाने तेथील कोट्यवधी एकर जमीन व्यापून टाकली होती. माणसे घरेदारे सोडून निघून गेली होती. शास्त्रज्ञांनी अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस नावाचा एक लहानसा पतंग आणला. त्याच्या अळ्या निवडुंग पोखरून खात. पण तो मोकळा सोडण्यापूर्वी शास्त्रज्ञांनी त्याला भाजीपाला, फळझाडे, धान्ये अशा इतर अनेक वनस्पतींवर उपाशी ठेवून पाहिले. निवडुंगाखेरीज दुसऱ्या कशावरही तो जगत नाही, अशी खात्री पटल्यावरच १९२६ साली त्याची अंडी सर्वत्र वाटण्यात आली. सहा-सात वर्षांत निवडुंगाची अरण्ये कुजून भुईसपाट झाली. बूनार्गा या गावच्या लोकांनी तर १९३६ साली आपल्या सभागृहाला या पतंगाचेच नाव दिले! एका किड्याची स्मृती जपण्यासाठी बांधलेल्या इमारती जगात फारशा नसतील.

या यशाने सर्वांच्या मनात एक आशा पेरली. एका कीटकाने निवडुंग संपवला, तर दुसरा एखादा प्राणी भुंगेरे का संपवणार नाही? आशा चुकीची नव्हती. पतंग सोडण्यापूर्वी जी कसून परीक्षा झाली, तिचा मात्र लोकांना विसर पडला.

उसाच्या शास्त्रज्ञांची एक आंतरराष्ट्रीय परिषद १९३२ साली पोर्तो रिको या बेटावर भरली होती. तेथे एका मोठ्या भेकाची फार वाखाणणी झाली. भेक म्हणजे बेडकाचाच भाऊबंद. पण त्याची कातडी कोरडी, जाड आणि चामखिळींनी भरलेली असते, आणि तो लांब उड्या न मारता आखूड उड्या मारीत चालतो. पावसाळ्याच्या आरंभी आपल्या अंगणातील दिव्याखाली बसून किडे टिपणारा चामखिळ्या बेडूक हाही भेकच होय. पोर्तो रिकोत वाखाणला गेलेला भेक मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतील. त्या बेटावरील भेकांची पोटे चिरून पाहिली, तेव्हा त्यांत उसावरील किडे मोठ्या संख्येने सापडले होते. त्याच वर्षी तो भेक हवाई बेटांवर नेण्यात आला. पुढे क्वीन्सलंडच्या ऊस-संशोधन केंद्रातील कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड मंगोमेरी हे हवाईला गेले आणि जून १९३५ मध्ये १०२ भेक पेट्यांत घालून घेऊन आले. गॉर्डनवेल या गावाजवळ त्यांच्यासाठी तळे बांधलेले होते. भेकांना ते मानवले. ऑगस्ट महिन्यातच त्यांची २,४०० पिल्ले आसपासच्या उसाच्या मळ्यांत सोडण्यात आली.

भेक भुंगेऱ्यांना खरोखरच आटोक्यात आणतो काय, आणि भुंगेऱ्यांखेरीज आणखी काय काय खातो, याची परीक्षा क्वीन्सलंडमध्ये आधी कोणी केलीच नाही. वॉल्टर फ्रॉगट या वृद्ध कीटकशास्त्रज्ञांनी मात्र धोक्याची घंटा वाजवली. हा भेक पुढे सशांइतकाच आणि निवडुंगाइतकाच उपद्रवी ठरेल, असे त्यांनी लिहिले. सरकारने काही काळ भेक सोडण्यावर बंदी घातलीही. परंतु ऊस-बागाईतदारांच्या आग्रहापुढे ती टिकली नाही आणि १९३६ साली ती उठवण्यात आली. मग हजारोंनी भेक सोडले गेले.

आता या योजनेत काय चुकले होते ते पाहावे. करड्या पाठीचा भुंगेरा जमिनीतून बाहेर येतो तो थेट झाडाच्या शेंड्याकडे उडतो आणि तेथे पाने खातो. अंडी घालायला मातीत शिरतो, तोही खोलवर. त्याची अळी तर सगळा जन्म मातीखालीच काढते. याउलट भेक हा जमिनीवर बसून समोर हलणारे भक्ष्य जिभेने ओढून घेणारा प्राणी. त्याला झाडावर चढता येत नाही आणि मुळांपर्यंत माती उकरताही येत नाही. भुंगेरा वर, अळी खाली, आणि भेक मधल्यामध्ये! शिवाय ऊस कोवळा असताना शेतात सावली नसते. दिवसा गारव्याला दडून बसायला जागा नाही म्हणून भेकांनी मळे सोडले आणि ओढ्यांकाठी, गोठ्यांत, घरांच्या ओसऱ्यांवर बस्तान मांडले. मधमाश्यांच्या पेट्यांपुढे बसून येणारी-जाणारी प्रत्येक माशी गिळायलाही ते शिकले. उसावरील अळ्यांचे पारिपत्य शेवटी १९४०च्या दशकाच्या अखेरीस बी.एच.सी. नावाच्या रासायनिक भुकटीने झाले. त्या भुकटीचेही दुष्परिणाम पुढे ध्यानात आले आणि तिचा वापर थांबला. पण ती कथा निराळी.

भेक ज्या कामासाठी आणला ते काम त्याने केले नाही. त्याने केले ते दुसरेच.

या भेकाची मादी एका वेळी आठ हजारांपासून तीस हजारांपर्यंत अंडी घालते. पाण्यात सोडलेल्या लांबलचक, चिकट दोऱ्यांत ही काळी अंडी मण्यांच्या माळेसारखी ओवलेली असतात. त्यांतून पुरते वाढून मोठे होणारे थोडे. पण तेवढे पुरतात. पूर्ण वाढलेला भेक माणसाच्या तळहातावर मावत नाही. जानेवारी २०२३ मध्ये क्वीन्सलंडच्या कॉनवे राष्ट्रीय उद्यानात एक भेक सापडला, त्याचे वजन २.७ किलोग्रॅम भरले होते! नव्याने जन्मलेल्या बाळाचे वजन साधारण एवढेच असते.

आकारापेक्षाही भयंकर आहे ते त्याचे विष. त्याच्या दोन्ही खांद्यांवर फुगीर ग्रंथी असतात. कोणी त्याला तोंडात धरले की या ग्रंथींतून दुधासारखा पांढरा, दाट द्रव पाझरतो. या विषाचे कार्य समजून घेण्याजोगे आहे. प्राण्याच्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म पंप असतात. ते पेशीतील सोडियम बाहेर टाकतात आणि पोटॅशियम आत घेतात. हृदयाचे ठोके नियमित पडतात ते या पंपांच्या बळावर. भेकाचे विष त्या पंपांत जाऊन अडकते. पंप बंद पडतात, ठोके चुकतात, आणि भेक खाणारा प्राणी काही मिनिटांत तडफडून मरतो. अंडी आणि डिंभही विषारीच. ते गिळणारे मासे व देशी बेडकांचे डिंभ प्राणास मुकतात.

येथे एक शंका सहज येईल. भेक तर आशियात आहेत, आफ्रिकेत आहेत, अमेरिकेत आहेत. मग तेथील प्राणी कसे जगतात? याचे उत्तर काळाच्या ओघात आहे. ऑस्ट्रेलियात देशी बेडकांच्या दोनशेहून अधिक जाती आहेत. पण देशी भेक एकही नाही. तेथील प्राण्यांच्या शेकडो पिढ्यांनी भेक पाहिलाच नव्हता. आशिया व आफ्रिकेतील घोरपडींच्या पूर्वजांचा मात्र भेकांशी लक्षावधी वर्षे संबंध आला. त्यांच्या पेशींतील पंपाची घडण किंचित बदललेली आहे. कुलपात न बसणाऱ्या किल्लीसारखे भेकाचे विष त्यात बसत नाही. ऑस्ट्रेलियातील घोरपडींच्या पंपांत हा बदल नाही. एकाच कुळातील प्राणी; पण एकाला जे पचते ते दुसऱ्याचा जीव घेते. आपला चामखिळ्या बेडूक आपल्याकडे निरुपद्रवी आहे, परंतु त्याच जातीचे भेक आग्नेय आशियातून मालाबरोबर मादागास्करच्या तोआमासिना बंदरात पोचले आणि २०१४ साली ते तेथे आढळल्याचे जाहीर झाले, तेव्हा शास्त्रज्ञांची झोप उडाली. कारण मादागास्करातही देशी भेक नाहीत.

क्वीन्सलंडमधून निघालेले भेक आधी वर्षाला दहा-एक किलोमीटर पुढे सरकत होते. ते काकाडू या प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानात २००१ साली शिरले आणि २००९ साली त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियाची सीमा ओलांडली. तोपर्यंत त्यांचा वेग वर्षाला पन्नास किलोमीटरांवर गेला होता. वेग कसा वाढला? शास्त्रज्ञांनी डार्विन शहराजवळ भेकांच्या कमरेला छोटी रेडिओ-यंत्रे बांधून पाहिले. आघाडीवरचे भेक पावसाळी रात्री जवळजवळ दोन किलोमीटर चालत, तेही एका दिशेने, बहुधा रस्ता धरून. नव्या प्रदेशात सर्वांत आधी पोचणाऱ्या भेकांचे पाय मागून येणाऱ्यांपेक्षा लांब असल्याचेही आढळले. हे घडते असे. वेगवान भेक आघाडीला जमतात; तेथे त्यांची गाठ दुसऱ्या वेगवानांशीच पडते, आणि पिल्ले त्याहूनही वेगवान निपजतात. एवढ्या धावपळीची किंमत मात्र त्यांनाही मोजावी लागते. आघाडीवरील मोठ्या भेकांपैकी कित्येकांच्या मणक्यांना संधिवात जडलेला दिसून आला आहे.

भेक जेथे पोचले तेथे काय झाले? उत्तरेकडील रानात क्वोल नावाचा एक प्राणी राहतो. मांजराहून लहान, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, टोकदार नाक, आणि पिल्लांना पोटाशी वाढवणारा हा मांसाहारी जीव रात्री शिकारीला निघतो. त्याचे आयुष्य आधीच थोडे. बहुतेक नर विणीचा पहिला हंगाम संपला की मरून जातात. रात्रीच्या काळोखात मोठा, मंद, सहज हाती लागणारा भेक दिसला की तो त्यावर झडप घालतो. आणि ती त्याची शेवटचीच शिकार ठरते. काकाडूतील ज्या भागांत क्वोल नेहमी दिसत, तेथे भेक आल्यानंतर थोड्याच काळात तो दिसेनासा झाला. पिवळ्या ठिपक्यांच्या मोठ्या घोरपडींची संख्या काही नद्यांकाठी नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. ही घोरपड तेथील आदिवासींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. तीच गेल्यावर त्यांच्या ताटातला एक पदार्थ गेला आणि मुलांना शिकवायची एक शिकारही गेली. व्हिक्टोरिया नदीतील गोड्या पाण्याच्या मगरी काही ठिकाणी तीन-चतुर्थांशाहून अधिक मेल्या.

गंमत अशी, की सर्वांचेच नुकसान झाले असे नाही. घोरपडी पक्ष्यांची अंडी व पिल्ले खातात. त्या नाहीशा होताच क्रिमसन फिंच या लाल चिमण्यांची घरटी अधिक संख्येने सुखरूप राहू लागली. निसर्गातील हिशेब असा एका वहीत मांडता येत नाही.

मग हे भेक घालवावेत कसे? पहिला उपाय कोणालाही सुचेल तोच. लोक रात्री कंदील व बॅटऱ्या घेऊन निघाले. गावोगाव मंडळे स्थापन झाली. लहान मुलेही पिशव्या घेऊन भेक गोळा करू लागली. शास्त्रज्ञांनी सांगितले, की त्यांना काठीने बदडू नये. आधी थंड पेटीत ठेवावे, गारठून ते बधिर झाले की मग गोठवावे, म्हणजे त्यांना वेदना होत नाहीत. उपद्रवी प्राण्याला मारतानाही छळ करू नये, हा विचार फार सुसंस्कृत आहे. एखाद्या गावाच्या तळ्यापुरता या मोहिमांचा उपयोगही होतो. परंतु ऑस्ट्रेलियातील भेकांची संख्या वीस कोटींच्या घरात असावी, असा अंदाज आहे. शंभर माद्या पकडल्या आणि एक राहिली, तरी त्या एकीची हजारो अंडी तळ्यात पडतात. आणि गर्दी कमी झालेली असल्याने त्यांतील अधिक पिल्ले जगतात.

म्हणून काही शास्त्रज्ञांनी भेकाच्याच सवयी त्याच्यावर उलटवण्याचे ठरवले. त्यांना असे दिसले, की या भेकाचे मोठे डिंभ आपल्याच जातीची नवी अंडी शोधून खातात. आणि अंडी शोधतात ती त्यांतील विषाच्या वासावरून. तेव्हा प्रौढ भेकाच्या ग्रंथींतील विष काढून त्याचे आमिष जाळीदार पेटीत ठेवले. डिंभांची झुंबड उडाली! हजारोंनी ते आत शिरले आणि अडकले. देशी बेडकांचे डिंभ मात्र त्या वासाकडे फिरकलेही नाहीत. दुसरा प्रयोग मुंग्यांचा. तेथील मांसाहारी मुंग्या दिवसा हिंडतात, आणि भेकाची चिमुकली पिल्लेही दिवसाच पाण्याकाठी वावरतात. शिवाय मुंगी अंगावर चढली तरी पळत नाहीत. तळ्याच्या काठी मांजरांच्या खाण्याचा थोडा चुरा टाकला, की मुंग्यांच्या रांगा तेथे लागतात आणि पिल्लांचा फडशा पाडतात. दोन्ही युक्त्या चतुर आहेत; पण त्याही एकेका तळ्यापुरत्याच.

आणखी एक आश्चर्य लोकांच्या दृष्टीस पडू लागले. काही देशी प्राणी आपापल्या परीने भेकाशी व्यवहार करायला शिकले होते. कावळे आणि घारी भेकाला पालथा पाडून विषारी कातडी टाळतात व आतले मांस खातात. शराटीच्या कुळातील तेथील पांढरा पक्षी भेकाला चोचीत धरून जोराने झटकतो, मग पाण्यात नेऊन धुतो, आणि नंतरच गिळतो. सर्वांवर कडी केली ती राकाली नावाच्या पाणउंदराने. किंबर्ली प्रदेशातील एका ओढ्याकाठी छाती फाडलेले भेक रोज सापडू लागले. बारकाईने पाहता कळले, की राकाली एखाद्या कुशल शस्त्रवैद्याप्रमाणे भेकाचे हृदय व यकृत तेवढे काढून घेतो आणि विषारी भाग तसेच टाकून देतो. तसेच, ज्या लहान प्राण्यांनी प्रथम लहान भेक चाखले आणि मळमळ होऊनही जे वाचले, ते पुन्हा भेकाच्या वाटेला जात नाहीत, हेही दिसून आले.

या शेवटच्या निरीक्षणातून सगळ्या प्रश्नाची दिशा बदलली. मोठा भेक मारून टाकतो. लहान भेक केवळ आजारी पाडतो. आक्रमणाच्या आघाडीवर नेहमी मोठे भेक पुढे असतात, म्हणून क्वोलांना आणि घोरपडींना धडा घेण्याची संधीच मिळत नाही. पहिलीच चूक प्राणघातक ठरते. भेक संपवता येत नसतील, तर त्यांच्या आधी पोचून प्राण्यांना तो धडा देता येईल काय?

रिक शाइन, जोनाथन वेब आणि त्यांचे सहकारी यांनी पाळलेल्या क्वोलांवर हा प्रयोग केला. मेलेल्या लहान भेकात मळमळ आणणारे, पण निर्धोक असे औषध घालून तो क्वोलांना खाऊ घातला. क्वोलांची पोटे ढवळली. नंतर जिवंत भेक समोर येताच त्यांनी नाक मुरडले. अशा ‘शिकलेल्या’ क्वोलांना रानात सोडले, तेव्हा ते न शिकलेल्यांपेक्षा अधिक काळ जगले. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. काही माद्यांच्या पिल्लांनीही भेक टाळलेले दिसले. पुढे भेकाच्या मांसाची तशीच औषधी लांबट वडी करून ती रानात टाकण्याचे प्रयोगही झाले.

शिकवणीची ही वाट सरळ मात्र नव्हती. क्वोल समूळ नष्ट होऊ नयेत म्हणून २००३ साली ६४ क्वोल किनाऱ्यापासून दूरच्या अ‍ॅस्टेल व पोबासू या निर्जन बेटांवर नेऊन सोडले होते. तेथे भेक नव्हते, डिंगो नावाचे रानकुत्रे नव्हते, मांजरे नव्हती. क्वोल हजारोंनी वाढले. सर्वांना आनंद झाला. त्यांतील काहींना भेक टाळण्याचे शिक्षण देऊन २०१६ साली पुन्हा काकाडूत आणले. त्यांनी भेकांना तोंड लावले नाही. परंतु त्यांतील बरेचसे डिंगोंच्या तोंडी पडले. बेटावरच्या तेरा पिढ्यांच्या सुखवस्तू आयुष्यात ते शत्रूला भिणेच विसरले होते! एक धडा शिकवावा, तोवर दुसरा हरवलेला असावा, असा हा प्रकार.

घोरपडींच्या बाबतीत याहून धाडसी युक्ती योजावी लागली. रानातील प्रत्येक घोरपडीला पकडून औषध चारणे अशक्यच. तेव्हा संशोधक जॉर्जिया वॉर्ड-फिअर आणि बालंगारा आदिवासी वनरक्षक यांनी किंबर्लीच्या पूरमैदानात, भेकांची आघाडी येण्यापूर्वी, स्वतःच्या हातांनी लहान भेक नेऊन घोरपडींपुढे धरले. ज्या प्राण्याला रोखण्यासाठी लोक वर्षानुवर्षे झटत होते, त्यालाच आपण होऊन पुढे नेणे! पुष्कळांना हे वेडेपणाचे वाटले. परंतु मोठे भेक आले, तेव्हा हे कडू घास घेतलेल्या घोरपडी न शिकलेल्यांपेक्षा अधिक काळ तगल्या. पुढे हाच प्रयोग भेकाची अंडी, डिंभ व पिल्ले सोडून विस्तृत प्रदेशात करण्यात आला आणि तेथेही घोरपडी टिकून राहिल्या.

मगरींची शिकवणी बुनुबा वनरक्षकांच्या साहाय्याने झाली. कोरड्या ऋतूत नदी आटते आणि मगरी थोड्याशा डोहांत दाटीवाटीने राहतात. तेव्हाच त्या भुकेने भेकांवर तुटून पडतात. वनरक्षकांनी मेलेल्या भेकांतील विषारी भाग काढून टाकला, त्यांत मळमळ आणणारे क्षार भरले आणि ते डोहांवर टांगून ठेवले. शेजारी कोंबडीचे मांसही टांगले. काही दिवसांतच मगरी कोंबडी खाऊ लागल्या आणि भेकांना शिवेनाशा झाल्या. अशी शिकवणी झालेल्या डोहांत मगरींचे मृत्यू जवळजवळ थांबल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. डोह कोठे, मगरी केव्हा एकत्र येतात, कोणत्या वाटेने जावे, हे सर्व बुनुबा लोकांना पूर्वापार ठाऊक होते. त्यावाचून हे काम झालेच नसते.

किंबर्लीच्या नैर्ऋत्येस पिल्बारा नावाचा खडकाळ प्रदेश आहे. या दोहोंच्या मध्ये मोठे वाळवंट थेट समुद्रापर्यंत येऊन भिडते. तेथे भेकाला ओलांडता येईल अशी एकच अरुंद किनारपट्टी आहे, आणि तीही कोरडी. भेक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या जमिनीवर बसून पोटाच्या कातडीने ते शोषतो. कडक उन्हाळ्यात थोडे दिवस पाणी मिळाले नाही तर तो मरतो. त्या पट्टीत पाणी आहे ते गुराढोरांसाठी खोदलेल्या कूपनलिकांचे. त्यांच्या भोवती गळक्या नळांची आणि उघड्या डबक्यांची ओल. इतरत्र अशा डबक्यांभोवती कुंपण घालून पाहिले, तेव्हा भेक बाहेर तडफडून मेले आणि आसपासचा प्रदेश भेकांपासून मोकळा राहिला. त्यावरून या पट्टीतील उघडी डबकी बंद करावीत, गळती थांबवावी, आणि गुरांना पाणी मिळेल पण भेकाला शिरता येणार नाही अशा टाक्या व द्रोण्या बसवाव्यात, अशी योजना आखण्यात आली आहे. पिल्बारातील खडकांच्या कपारींत क्वोल अजून राहतात. त्यांनी भेक पाहिलेला नाही.